दुसऱ्या हाताची रेघ

कारखान्याचं शटर सकाळी आठला मीच उघडतो. लालबागच्या आमच्या गल्लीत तेव्हा पाववाल्याशिवाय कुणी आलेलं नसतं. त्या दिवशी आत शिरून ट्यूबलाइट लावली, पिशवी खिळ्याला अडकवली आणि काल संध्याकाळी ज्या सहा गणपतींचे डोळे मी काढून गेलो होतो, त्यांच्यासमोर उभा राहिलो. तिसऱ्याचे डोळे माझे नव्हते. आधी वाटलं, झोप उतरली नाहीये. जवळ गेलो. वरच्या पापणीची रेघ कोपऱ्यात येऊन किंचित वर उचलली होती, तांदळाच्या कणीएवढी. माझी रेघ उचलत नाही. तीस वर्षं मी या कारखान्यात आखणी करतोय, म्हणजे मूर्ती रंगून तयार झाली की शेवटी तिचे डोळे काढतोय, आणि इतक्या वर्षांत एकही रेघ मी शेवटाला उचललेली नाही. चिंतामणी मास्तरांनी पहिल्याच वर्षी बोटांवर पट्टी मारून सांगितलं होतं, देवाला मुरका शोभत नाही. मग पाचवी मूर्ती बघितली. तिचीही रेघ उचललेली. सहावीचीही. पहिली, दुसरी आणि चौथी माझ्या होत्या. म्हणजे कुणीतरी सहाही तपासल्या होत्या, तीन पास केल्या होत्या आणि तीन पुसून पुन्हा काढल्या होत्या. मी स्टूल ओढलं आणि बसून राहिलो.

कोणी, हे कळायला डोकं लागत नव्हतं. तसा मुरका आमच्यात एकाच हाताला येतो, शैलाच्या. ती वीस वर्षं मुकुट आणि दागिने रंगवते. काळाचौकीहून चालत येते, डबा ठेवते, पदर खोचते आणि दिवसभर सोनेरी वेलबुट्ट्या काढत बसते. वेलीचं टोक उचलायचंच असतं, त्याची हाताला सवय लागते. मला राग आला पाहिजे होता. माझा राग म्हणजे नाकावरचा, घरी माया गेली पंचवीस वर्षं मला हेच ऐकवते. पण राग काही येईना. मी उठलो, डावा डोळा मिटून एकेक मूर्ती पुन्हा बघितली, मग दोन्ही डोळ्यांनी बघितली, मग मास्तरांच्या पद्धतीने पाठ करून हातातल्या आरशात बघितली. चूक असेल तर आरशात सापडते, असं ते म्हणायचे. आरशातला गणपतीही मला जरा दुहेरी दिसत होता, वरची कड एकावर एक सरकलेली, छपाईत रंग हलला की दिसते तशी. एवढं मात्र कळलं की शैलाने काढलेले तिन्ही गणपती माझ्याकडे बघत होते. माझ्या तिघांपैकी एक बघत होता. बाकीच्या दोघांचं कुठे लक्ष होतं, कोण जाणे. आणि हे दोघे पास झालेले होते. मग तिने पुसलेले तीन कसे असतील?

कधीपासून चाललं असेल हे? मी साडेसहाला निघतो, ती सातला. म्हणजे अर्धा तास. रोज अर्धा तास ती माझ्या मागे माझे डोळे तपासत बसत असणार, आणि मनूदादा, आमचा मालक, गल्ल्यावर बसून ते बघत असणार. रंगकामाला येणारा राकेशही बघत असणार. सगळ्यांना माहीत, मलाच नाही. परवा मनूदादाने माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "रघू, या वर्षी आखणी एक नंबर झालीय रे!" मी वर तोंड करून म्हणालो होतो, "या वर्षी म्हणजे काय, दरवर्षीच." शैला तेव्हा तिथेच बाजूबंद रंगवत होती. तिने मान वर केली नव्हती. आता आठवून माझे कान तापले.

डोळ्याचं दुखणं डोळ्याचं नव्हतंच, नाकाचं होतं. पाच वर्षांपूर्वी नाक चोंदलं ते चोंदलंच. सगळ्यांसारखाच वाफ, विक्स, तुळशीचा काढा करत बसलो. मग वास गेला. टर्पेंटाइनचा वास येत नाही म्हणून मी बाटलीचं बूच उघडून राकेशला विचारलं होतं की यात पाणी कुणी घातलं. मग परळच्या पालिकेच्या हॉस्पिटलात गेलो आणि तिथे डॉक्टर ऋता भेटल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, पण बोलणं हेडमास्तरीणबाईंसारखं. त्यांनी नाकात दुर्बीण घालून पडद्यावर मला दाखवलं, आत द्राक्षांसारखे फिकट घोस लोंबत होते. ऑपरेशन झालं, बाहेरून एक टाका नाही. शुद्धीवर आल्यावर मी म्हणालो, काय काढलं ते मला बघायचंय. बाटलीत चिकट, घट्ट, शेंगदाण्याच्या ओल्या चटणीसारखं काहीतरी होतं. गेरूत काळा टाकून वर हिरव्याचं बोट लावलं की तो रंग येतो, हे मला लगेच कळलं आणि कळल्याचं बरंही वाटलं, निदान काहीतरी आपल्या ओळखीचं निघालं. "ही बुरशी आहे," डॉक्टर म्हणाल्या. मी विचारलं, "म्हणजे मी सडतोय का आतून?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही हो काका. बुरशीचे कण हवेतच असतात, सगळ्यांच्याच नाकात जातात. बाकीच्यांचं शरीर लक्ष देत नाही. तुमचं शरीर त्यांच्यावर चिडतं. चिडून सूज आणतं, हा चिकट पदार्थ तयार करतं, त्यात बुरशी अडकते, मग ते आणखी चिडतं. बुरशी तुम्हाला खात नाहीये. तुमची ॲलर्जीच तुम्हाला त्रास देतेय." माया शेजारी उभी होती. ती म्हणाली, "बघा, मी काय सांगत होते." डॉक्टरांना वाटलं तिला आजाराबद्दल आधीच माहीत होतं.

तेव्हा त्यांनी मला सगळं नीट सांगितलं होतं, हे मी नाकारत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, सकाळ-संध्याकाळ, रोज. स्प्रे मारायचा, रोज. तीन महिन्यांनी दुर्बिणीने तपासायला यायचं, मग सहा महिन्यांनी, मग कायम. "कायम म्हणजे किती?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "कायम म्हणजे कायम. ही परत येते." पण ऑपरेशननंतर आठ दिवसांत मला वास यायला लागला आणि मी सगळं विसरलो. विसरलो म्हणण्यापेक्षा मला ते खोटं वाटायला लागलं. आमच्या खोलीत मायाच्या केसांना खोबरेल आहे हे मला उशीवर कळलं. खालच्या मजल्यावर सुके बोंबील भाजले ते दारात उभं राहून कळलं. कारखान्यात रॉकेलचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि राकेश म्हणाला, "काय रघूभाऊ, कुणी गेलं का?" एवढं सगळं परत मिळाल्यावर माणूस रोज मोरीत वाकून नाकात पाणी कशाला ओतेल? एक महिना ओतलं. मग गणपती आले, मग देवीच्या मूर्ती आल्या. मग ते प्लास्टिकचं भांडं माया तुळशीला पाणी घालायला वापरायला लागली.

वर्षाने नाक पुन्हा चोंदलं. आखणीच्या तोंडावर चोंदलं. तेव्हा मी जे केलं त्याला शहाणपण समजत होतो. जुन्या कागदावर डॉक्टरांनी दहा दिवसांच्या स्टिरॉइडच्या पांढऱ्या गोळ्या लिहिल्या होत्या, त्या मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून परत आणल्या. तीन दिवसांत नाक मोकळं, आठवड्यात डोळ्यावरचा भार उतरला. ऐन मोसमात हात असा चालला की मनूदादाने पेढे वाटले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी गोळ्या वीस दिवस खाल्ल्या. आमच्या धंद्यात वर्षातला दीड महिना नीट गेला की वर्ष नीट गेलं, बाकीचे साडेदहा महिने नाक कुठे का जाईना. एका मोसमातून दुसऱ्या मोसमात उडी मारत जाता येईल असा माझा हिशेब होता. या वर्षी गोळ्या खाल्ल्या तर साखर तीनशेच्या वर गेली आणि डोळा होता तिथेच राहिला. डावा डोळा जरासा बाहेर आणि खाली आलाय, हे मला दाढी करताना दिसत होतं. पण मी मुद्दाम गालांकडे बघून दाढी करायचो.

त्या सोमवारी, म्हणजे मूर्ती बघितल्या त्याच्या आदल्याच आठवड्यात, डॉक्टर ऋतांनी स्कॅनचा काळा कागद खिडकीला धरला होता. नाक आणि डोळा यांच्यामध्ये कागदाएवढं पातळ हाड असतं म्हणे. ते दाबून दाबून एका जागी दिसेनासंच झालं होतं. "काका, याच आठवड्यात ॲडमिट व्हा," त्या म्हणाल्या. "डोळ्याची नस दाबली गेली तर नंतर ऑपरेशन करूनही नजर परत येईल असं मी सांगू शकत नाही." मी म्हणालो, "चतुर्थी झाली की येतो. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे." "चतुर्थी दरवर्षी येते." "डोळे कोण काढणार मॅडम? कुणी नाहीये दुसरं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं रागावल्या. मग त्यांनी केसपेपरवर लाल पेनाने काहीतरी लिहिलं आणि सही करायला लावली. घरी माया म्हणाली, "करा सही आणि व्हा आंधळे, मी काय बोलणार." कुणी नाहीये दुसरं. स्टुलावर बसून शैलाच्या तीन मूर्तींकडे बघताना हेच वाक्य डोक्यात फिरत होतं आणि मला माझीच कीव येत होती.

मी इकडेतिकडे बघायला लागलो, जणू सगळी चूक त्या जागेत कुठेतरी सापडणार होती. कोपऱ्यात शाडूची पोती, तळाला काळे ठिपके धरलेली. पलीकडे काथ्या, ओलसर. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला हात फिरवला तर बोट काळं झालं. दोन वर्षांपूर्वी मी एका रविवारी हे सगळं फिनेलने धुऊन काढलं होतं. मनूदादा म्हणाला होता, "अरे, आम्ही सगळे इथेच श्वास घेतो ना? माझा बाप इथेच बसला, ब्याऐंशी वर्षं जगला. तुलाच बरं होतं?" त्याचं खरं होतं. याच हवेने शैलाला काही केलं नाही, राकेशला काही केलं नाही. बाबा गिरणीत होते, कापसाने त्यांची छाती भरली, पण त्यांच्याकडे निदान मोर्चा काढायला एक मालक होता. फाटकावर उभं राहून ओरडता येत होतं. मी कुणाच्या फाटकावर जाऊ? डॉक्टरीणबाई सांगतात, मालकही मीच आणि मोर्चाही मीच.

साडेनऊला शैला आली. डबा ठेवला, पदर खोचला, आणि तिचे डोळे आधी त्या तीन मूर्तींकडे गेले, मग माझ्याकडे. मी ब्रश धुत होतो. "लवकर आलात आज, रघूभाऊ," ती म्हणाली. मी म्हटलं, "रोजच येतो." "चहा सांगू?" "सांग." एवढंच. दिवसभर मी तिच्या हाताकडे बघत होतो. तिला कुणी शिकवलं असेल? मी तर नाही शिकवलं. मास्तरांनी मला शिकवलं ते चार वर्षं लावून. बसलेल्या माणसाच्या छातीवर नजर पडली पाहिजे, डोक्यावरून जाता कामा नये. रेघ ओढताना श्वास धरायचा, रेघ संपली की सोडायचा. माझं नाक बंद असल्यामुळे मी हल्ली तोंडाने श्वास घेतो, आणि तोंडाने घेतलेला श्वास धरता येत नाही, तो घशात खरखरतो. शैला बघून बघूनच शिकली असणार. वीस वर्षं माझ्या बाजूला बसून. मला एकदाही तिला म्हणावंसं वाटलं नाही की बस, एक डोळा काढून बघ. तिने कधी मागितलंही नाही, की मागितलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं होतं, ते आता आठवत नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम सहाच मूर्ती केल्या आणि वेळेवर निघालो. सकाळी आलो तर चार बदललेल्या होत्या. दुसऱ्या सकाळी पाच. चहा आता ती मला न विचारता सांगायला लागली.

शुक्रवारी गंगुबाई येणार होत्या, आणि त्याची मला धास्ती होती. गंगुबाई भोईवाड्याच्या. त्यांच्या घरची रीत वेगळी आहे. गणपतीचे डोळे घरच्या माणसांसमोर काढायचे, काढणाऱ्यानेच लगेच मूर्तीचं तोंड कोऱ्या फडक्याने बांधायचं, आणि ते फडकं चतुर्थीला घरी पूजेला बसल्यावरच सोडायचं. मध्ये कुणी बघायचं नाही, काढणाऱ्यानेसुद्धा नाही. गावाकडून आलेली रीत. त्यांचे यजमान होते तेव्हापासून त्यांच्या गणपतीचे डोळे मीच काढतो. इतर मूर्तींचं अर्ध्या तासात बघून घेतलं जाईल, पण ही मूर्ती डोळे काढल्याबरोबर बंद होणार आणि भोईवाड्यात चारचौघांत उघडणार होती. गुरुवारी मी शैलाला म्हणणार होतो की उद्या तू बस. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा भलतंच बोललो. एकदा म्हणालो, सोनेरी संपत आलाय का?

शुक्रवारी गंगुबाई नातसुनेचा, प्राचीचा, हात धरून आल्या. पंच्याऐंशीच्या पुढच्या. प्राचीने फोन काढला तशी म्हणाल्या, "ठेव गो तो, देवाचे फोटो काढूक नाय." मग माझ्याकडे वळल्या. "काय रे रघू, डोळो कसो झालो तुझो?" मी म्हटलं, "सर्दी आहे आजी." "कसली मेली सर्दी ती? बरो होशीत. बस." त्यांना मूर्तीसमोर स्टुलावर बसवलं. मनूदादा गल्ल्यावरून उठून आला आणि म्हणाला, "आजी, या वर्षी आमची शैला काढेल का? रघूची तब्येत..." मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. तो माझ्यासाठी विचारत होता, हे मला कळत होतं. गंगुबाई म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाचो हात नको रे. फुडच्या वर्साक मी असंय, नसंय. रघूच काढीत." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं, आजी, मला दिसत नाही. पाच शब्दसुद्धा नाहीत. मी ब्रश घेतला.

डावा डोळा मिटला. मूर्तीचा चेहरा एक झाला, पण सपाट झाला, आणि ब्रशचं टोक चेहऱ्यापासून किती लांब आहे ते कळेना. टेकेल असं वाटलं तिथे टेकलं नाही, मग अचानक टेकलं. श्वास धरला. रेघ ओढली. बरी वाटली. दुसरा डोळा काढला, बुबुळं भरली, पांढरे ठिपके दिले. मागे सरकून बघितलं आणि मला त्यात काही चूक दिसली नाही. हेच सगळ्यात भयंकर होतं. मी शैलाकडे बघितलं, ती हातातला ब्रश फडक्याला पुसत होती, पुसलेला पुन्हा पुसत होती. मग मी गंगुबाईंकडे बघितलं. त्यांनी हात जोडले होते. जोडलेल्या हातांनीच त्या स्टुलावर जराशा उजवीकडे सरकल्या. थांबल्या. पुन्हा थोड्या सरकल्या, मान तिरकी केली. देव बघतोय ती जागा त्या शोधत होत्या. प्राची म्हणाली, "काय झालं आजी?" "काय नाय गो," त्या म्हणाल्या. शेवटी एका जागी स्थिर झाल्या, अगदी कडेला, अर्ध्या स्टुलाबाहेर, आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बेस झालो. तुझोच हात तो. बांध आता."

फडकं प्राचीने दिलं, कोरं पांढरं, हळदीचं बोट लावलेलं. मी मूर्तीच्या मागे जाऊन ते बांधायला लागलो. माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. डावा गेले वर्षभर गळतच असतो म्हणून कुणी विचारलं नाही. मी दरवर्षी निरगाठ मारतो. मारली, मग सोडवली, आणि साधी सुरगाठ मारली, एक टोक लांब सोडून. गंगुबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या प्राचीच्या आधाराने पायरी उतरून गेल्या. मनूदादा त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेला. फडकं बांधलेला गणपती रांगेत उभा होता आणि अजून अकरा दिवस तो तिथेच उभा राहणार होता. मी ब्रश धुतले, एकेक करून शैलाच्या डब्याशेजारी ठेवले, ती नको म्हणायच्या आत पिशवी उचलली. केसपेपर पिशवीतच होता. हॉस्पिटलची खिडकी दोनपर्यंत उघडी असते.

शटरपाशी थांबून मी म्हणालो, "शैला, आजींची गाठ सैल आहे."

मी मागे वळून बघितलं नाही, तिने मान हलवली असेल तर ती मला दिसली नाही.